खळ्यावरचा वाटा आणि मस्टरवरचे नाव

हैदराबाद संस्थानच्या महसुली व्यवहारात इनामांचे जे अनेकविध प्रकार रूढ होते, त्यांतील दोन प्रकार, माणसाच्या निर्वाहाची जबाबदारी समाजाने कोणत्या शर्तीवर पत्करावी या प्रश्नाचा ज्याला विचार करावयाचा आहे त्याने, विशेषेकरून ध्यानात घेण्याजोगे आहेत. पहिला प्रकार मदद-माश: विद्वान, फकीर, सत्पुरुषांचे वंशज किंवा आधार तुटलेली घराणी यांच्या योगक्षेमासाठी सरकारने दिलेली जमीन, जिच्या बदल्यात कोणतीही चाकरी अपेक्षित नसे. दुसरा खिदमत-माश, ज्याला दफ्तरात मशरूत-उल-खिदमत असेही म्हटले जाई: मशिदीत बांग देणारा, दर्ग्यात दिवाबत्ती करणारा, देवळात पूजा-अर्चा चालविणारा, यांना त्या त्या सेवेच्या शर्तीवर दिलेली जमीन, सेवा खंडली म्हणजे तीवरचा हक्कही डळमळीत होई. नांदेड, कंधार, देगलूर, उदगीर, औसा या सर्व टापूत अशा इनामांचे अवशेष आहेत, आणि १९५२ सालच्या हैदराबाद अतियात चौकशी कायद्यान्वये त्यांच्या वारसाहक्काचे तंटे मराठवाड्यातील महसूल अधिकाऱ्यांसमोर पुढे कित्येक वर्षे चालत राहिले.

समाजाला उपयुक्त असे काही करणाऱ्याच्या उदरभरणाची तजवीज समाजानेच करावी, ही कल्पना अर्थशास्त्रज्ञांच्या लिखाणात अलीकडे नव्याने अवतरली आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ अँथनी ॲटकिन्सन यांनी १९९६ साली तिचा पुरस्कार करताना नोकरीबरोबरच शिक्षण, वृद्ध-बालकांची शुश्रूषा आणि स्वयंस्फूर्त लोकसेवा यांनाही अशा उत्पन्नास पात्र ठरविले होते. मांजरा आणि गोदावरी यांच्या दरम्यान पसरलेल्या या मुलखाला मात्र तिचा अनुभव शतकांचा आहे. तो अनुभव गोड आणि कडू असा दोन्ही प्रकारचा असल्यामुळे, आणि त्यातील कडू भाग सहसा सांगितला जात नसल्यामुळे, तो सविस्तर मांडणे मला अगत्याचे वाटते.

बलुत्याची पद्धत वाचकांना ऐकून तरी ठाऊक असते. सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार, महार, मांग, गुरव, जोशी इत्यादी गावकामगारांनी वर्षभर गावाची कामे करावीत, रोकड मागू नये, आणि सुगी आली म्हणजे प्रत्येक कुणब्याच्या खळ्यावर जाऊन ज्वारीच्या पेंढ्या व धान्याचा ठरीव वाटा घ्यावा, असा तो व्यवहार होता. बलुतेदारांच्या थोरली, मधली व धाकटी अशा तीन ओळी असत, त्यांत कोण कोठे बसतो हे प्रदेशाप्रदेशाने बदले, आणि वाट्याचे प्रमाण ओळीप्रमाणे ठरे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गांव-गाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेचे जे सूक्ष्म आणि बहुतांशी परखड परीक्षण केले आहे ते पश्चिम महाराष्ट्रातील खेड्यांना उद्देशून असले, तरी मराठवाड्यातील गावाची ठेवणही मूलतः तीच होती. भेद एवढाच की येथे कुलकर्ण्याच्या जागी पटवारी होता, पाटीलकी माली पाटील व पोलीस पाटील अशी विभागलेली होती, आणि वर्ष फसली सनाने मोजले जाई.

या व्यवस्थेत एक निःसंशय मोठेपणा होता, आणि तो आधी मान्य केला पाहिजे. नांगराचा फाळ कोणत्या दिवशी मोडेल हे कोणाला सांगता येत नाही, आणि लोहाराच्या भात्याला वर्षातील प्रत्येक दिवशी काम असतेच असे नाही. म्हणून कामाची मोजदाद न करता कारागिराची उपलब्धता हीच गावाने विकत घेतली होती, आणि पाऊस ओढल्यामुळे ज्या वर्षी काम कमी निघे त्या वर्षीही, पीक जेवढे आले असेल तेवढ्यातला वाटा त्याच्या पदरात पडे. पीकच बुडाले तर कुणबी आणि बलुतेदार एकाच वेळी उपाशी राहत, हेही खरे. परंतु एकाच्या घरी कणगी भरलेली आणि दुसऱ्याच्या घरी चूल थंड, अशी विषमता निदान कारागिरांपुरती तरी या पद्धतीने सौम्य केली होती.

पण ज्यांची चाकरी कोणत्याही हत्यारापेक्षा देहावरच अधिक अवलंबून होती, त्यांच्या वाट्याला ही सौम्यता आली नाही. महाराच्या कामाची यादी वाचताना गावाचा सारा सार्वजनिक कारभार त्याच्याच पायांवर चालत होता असे दिसून येते: वेशीवर राखण करावयाची, सरकारी वसुली तहसिलीत पोहोचवावयाची, हद्दीच्या तंट्यात शिवेची साक्ष द्यावयाची, आल्या-गेल्या अंमलदाराला वाट दाखवावयाची, चावडी झाडावयाची, मेलेले ढोर ओढावयाचे, आणि कोणाच्या घरी मृत्यू झाला म्हणजे त्याची वर्दी नातलगांच्या गावी, रात्र असो की पूर असो, जाऊन द्यावयाची. याच्या मोबदल्यात खळ्यावरचे बलुते, हाडकी-हाडवळ्याची जमीन, मेलेल्या जनावराचे कातडे, आणि येसकराची पाळी असेल त्या घराला दारोदार मागून आणलेली भाकरी. बेदरच्या बादशहाने महारांना बावन्न हक्क बहाल केले, अशी त्या समाजात पिढ्यान् पिढ्या सांगितली जाणारी परंपरा आहे, आणि बेदर हे उदगीरचे अगदी शेजारचे ठाणे असल्यामुळे या भागात ती विशेष जिवंत राहिली असावी. हक्काची स्मृती इतकी जपून ठेवावी लागते, यावरूनच व्यवहारात तो हक्क किती वेळा नाकारला गेला असेल याची कल्पना यावी. काम कोणते, किती आणि कोणत्या वेळी, हे सांगणारा एक; मोबदला द्यावयाचा की राखावयाचा, हे ठरविणाराही तोच; आणि करणाऱ्याला मात्र जन्माने मिळालेल्या त्या कामातून बाहेर पडण्याची वाट नाही. अशा स्थितीत सेवेचा मोबदला दानासारखा दिसू लागतो आणि घेणारा याचक ठरतो.

याच्या नेमके उलट उदाहरण वरच्या थरात सापडते. पहिल्या सालारजंगाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्थानचा कारभार सुधारताना वसुलीचे काम देशमुख-देशपांडे यांच्या हातून काढून पगारी तहसीलदार व तालुकदार यांच्याकडे सोपविले. परंतु त्या घराण्यांची पिढीजात प्राप्ती एकाएकी बंद पडू नये म्हणून त्यांना वार्षिक रुसूम बांधून दिले. चाकरी संपली, रुसूम चालू राहिले. गावाच्या दुसऱ्या टोकाला चाकरी अखंड चालू होती आणि बलुते मात्र खळेवाल्याच्या मर्जीवर. निर्वाहाचे साहाय्य आणि लोकोपयोगी सेवा यांची सांगड घालताना सेवेची शर्त दुबळ्यालाच लागू होते आणि समर्थ तिच्यातून सहज निसटतो, ही गोष्ट याच मुलखाच्या इतिहासात इतक्या स्पष्टपणे लिहिलेली आहे की तिच्याकडे डोळेझाक करून या विषयावर बोलणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे मर्म ओळखले होते. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी १८७४ च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. महारांच्या कामाला निश्चित मर्यादा असावी, रयतेकडून धान्यरूपाने येणाऱ्या अनिश्चित बलुत्याऐवजी मोबदला रोख व नियमित मिळावा, आणि ज्याला ही चाकरी नको त्याला तीतून मोकळे होता यावे, ही त्यामागची भूमिका होती. विधेयक त्यांना अखेर मागे घ्यावे लागले, आणि ते मुंबई इलाख्यापुरते होते, निजामाच्या राज्याला त्याचा स्पर्श झाला नाही. तरीही सेवेच्या मोबदल्याची भविष्यातील प्रत्येक योजना ज्या कसोट्यांवर तपासावी त्या कसोट्या, कामाची मर्यादा, मोबदल्याची निश्चिती आणि सोडून जाण्याची मुभा, तेथेच प्रथम एकत्र मांडल्या गेल्या असे मी मानतो.

येथे नांदेडच्याच एका निराळ्या परंपरेचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला त्या हुजूर साहिबाच्या लंगरात अन्न घेणाऱ्याला त्याची जात, गाव किंवा त्याने काय काम केले हे विचारले जात नाही. आणि तेथे सेवा करणारा, पाणी भरणारा असो की भांडी घासणारा, ती जेवणाचा मोबदला म्हणून करीत नाही. भाकरी आणि सेवा या दोहोंनाही तेथे प्रतिष्ठा आहे, पण एक दुसरीची किंमत नाही. गावगाड्याच्या इतक्या जवळ ही रीत नांदत होती, याचे मला नेहमीच अप्रूप वाटत आले आहे.

अन्नाच्या बदल्यात काम ही रीतही जुनीच: दुष्काळात उपाशी प्रजेला अन्न देऊन तिच्याकडून दुर्गाची किंवा सेतूची कामे करून घ्यावीत, असा उपदेश कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही आहे. तेव्हा दुष्काळी काम ही इंग्रजांची निर्मिती नव्हे. इंग्रजांनी त्यात भर घातली ती संशयाची. १८७६ ते ७८ च्या महादुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी कामावरच्या मजुराला दिवसाकाठी सुमारे एक पौंड धान्य आणि वर जेमतेम आणाभर एवढीच मजुरी पुरे, असा दंडक घातला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध अर्ज-विनंत्यांची मोहीम उघडली. काम इतके कष्टाचे आणि मजुरी इतकी अपुरी असावी की खरोखर मरणाच्या दारी पोहोचलेल्यानेच तेथे यावे, हे त्या धोरणाचे अंतःसूत्र होते. त्याचे पडसाद पुढे शंभर वर्षे प्रत्येक दुष्काळी कामावर ऐकू येत राहिले.

हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन झाले. १९४९ साली जहागिरी गेल्या, १९५४ सालच्या कायद्याने इनामे व रोख नेमणुका रद्द झाल्या, धार्मिक व धर्मादाय इनामे तेवढी वगळण्यात आली. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि १९५८ साली त्या राज्याने कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करण्याचा कायदा केला. जन्माने नेमलेली चाकरी अशा रीतीने कागदावरून पुसली गेली. तिच्या जागी काय आले, याचे उत्तर पुढची चौदा-पंधरा वर्षे कोणापाशी नव्हते. शेतमजूर झालेला बलुतेदार सुगीपुरता कामाला लागे आणि उन्हाळ्यात रिकामा बसे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. मराठवाड्यात आजही वडीलधाऱ्या माणसांचे वय या दुष्काळावरून मोजले जाते, इतका तो लोकस्मृतीत रुतून बसला आहे. लागोपाठ पावसाने दगा दिल्यावर बालाघाटच्या रांगेतला अहमदपूर, कंधार, मुखेडकडचा हलक्या मुरमाड जमिनीचा प्रदेश तर पुरता करपला. विहिरींनी तळ गाठला, कडबा मिळेना म्हणून जनावरे कवडीमोलाने गेली, आणि रेशनच्या दुकानात आलेल्या लाल मिलोच्या भाकरीने ज्वारीवर वाढलेल्या माणसांची तोंडे वाकडी झाली, तरी तीच खावी लागली. सरकारने ठिकठिकाणी कामे उघडली. सडका, पाझर तलाव, नाल्यांवरचे मातीचे बांध, आणि सर्वांत जास्त म्हणजे खडी फोडण्याची कामे. मे १९७३ मध्ये सबंध महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसे हजर होती. कामाच्या जागी मुलांना सुकडी वाटली जाई, तिची चव ज्यांनी तेव्हा घेतली ते आजही ती विसरलेले नाहीत. दुष्काळ इतका भीषण असूनही भूकबळींचा डोंगर उभा राहिला नाही, याची नोंद पुढे जगभरच्या दुष्काळ-अभ्यासकांनी घेतली.

परंतु मला या कामांचे ऐतिहासिक महत्त्व आणखी एका कारणासाठी वाटते. मस्टर नावाच्या त्या लांबट कागदावर मुकादमाने एकेकाचे नाव घ्यावे, हजेरी लावावी, आणि आठवड्याच्या अखेरीस त्या नावापुढे अंगठा घेऊन मजुरी हातात ठेवावी, या रीतीत पाटलाचा गडी आणि महारवाड्यातील पोर एकाच रकान्यात आले. दुष्काळाने कुणब्यालाही टिकाव-घमेले उचलावयास लावले होते, आणि जो पूर्वी खळ्यावर बलुते वाटीत असे तो आता स्वतःच खडीच्या ढिगाशेजारी बसला होता. त्याहून मोठी गोष्ट स्त्रियांची. बलुत्याच्या यादीत सुतार होता, सुतारीण नव्हती. गावभरच्या बाळंतपणांना धावून जाणाऱ्या मांगिणीची सेवा जगण्या-मरण्याच्या मोलाची, पण तिचा स्वतंत्र हक्क म्हणून खळ्यावर कोणी पेंढी मोजून ठेवली नाही. मस्टरवर प्रथमच तिचे नाव तिचे म्हणून आले, आणि काम मापावर असल्यामुळे दराने तिला पुरुषापेक्षा वेगळे मोजले नाही. रोजगार हमीच्या कामांवर पुढेही निम्म्याच्या आसपास स्त्रियाच असत.

या अनुभवाला कायद्याचे रूप देण्याचे श्रेय विधान परिषदेचे तत्कालीन सभापती वि. स. पागे यांना जाते. तासगाव तालुक्यातील विसापूर येथे १९६५ साली त्यांच्या प्रेरणेने मागेल त्याला काम देण्याचा प्रयोग लहान प्रमाणावर झाला होता. १९७२ साली वसंतराव नाईकांच्या सरकारने ही रोजगार हमी योजना राज्यासाठी स्वीकारली, आणि दुष्काळ सरल्यावर तिने खरे मूळ धरले. याच सुमारास वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात सार्वजनिक कामांच्या द्वारे रोजगार पुरविण्याचा मार्ग आग्रहाने मांडला होता. पैशाची तरतूद कशी झाली हे तर विशेष सांगण्यासारखे आहे: १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला, पगारदार आणि व्यावसायिक यांच्याकडून तो वसूल होऊ लागला, आणि अशा करांतून जेवढी रक्कम जमेल तेवढीच भर शासनाने स्वतःची घालावी असे ठरले. मुंबईतल्या कारकुनाच्या वेतनातून दरमहा कापले जाणारे चार पैसे अहमदपूर तालुक्यातील नाल्याच्या बांधाला लागावेत, ही शहराने खेड्याप्रत मान्य केलेली बांधिलकी होती, आणि तिच्याइतकी उदात्त आर्थिक कल्पना महाराष्ट्राच्या विधिमंडळात क्वचितच मूर्त झाली असेल. १९७७ साली विधेयक संमत झाले, राष्ट्रपतींच्या मान्यतेनंतर २६ जानेवारी १९७९ पासून कायदा अमलात आला. ग्रामीण भागातील कोणाही प्रौढाने अंगमेहनतीचे काम मागावे, १५ दिवसांत ते मिळावे, न मिळाल्यास बेकारी भत्ता द्यावा, जो आरंभी दिवसाला एक रुपया होता. कामावर प्यावयास पाणी, सावली, प्रथमोपचार आणि तान्ह्या मुलांसाठी पाळणाघर असावे. टेंपलच्या दंडकाशी ताडून पाहिले म्हणजे शंभर वर्षांत केवढे अंतर कापले गेले ते कळते. १८७७ चा मजूर आपण उपाशी असल्याचे देहाने सिद्ध करीत होता. १९७९ चा मजूर अर्ज करीत होता.

आता दोषांचे. बोगस हजेरी, माप कमी धरणे, मजुरीचे वाटप महिनोन् महिने लांबणे, आणि कायद्यात बंदी असूनही मागल्या दाराने शिरलेले गुत्तेदार, या तक्रारी नांदेड आणि लातूरकडे जितक्या ऐकू आल्या तितक्याच इतरत्रही. दांडेकरांनीच पुढे योजनेच्या अंमलबजावणीवर कडक टीका केली. पण माझ्या मते मूळ उणीव याहून खोल होती. काम मागण्याचा हक्क मजुराला मिळाला, तरी कोणते काम उपयुक्त हे ठरविण्याचा अधिकार ओव्हरसिअर आणि तहसील यांच्याकडेच राहिला. पाझर तलावाखालच्या विहिरींना पाणी वाढले ते ज्याची विहीर होती त्याला. तलावाची माती ज्या बाईने डोक्यावर वाहिली तिच्यापाशी बहुधा विहीर नव्हतीच. १९९० साली फळबाग लागवड या योजनेशी जोडली गेली, आणि त्यातही लाभ जमीन असलेल्यालाच झाला. गावात पुरेसे काम निघाले नाही त्या वर्षी मुकादमाची उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेली. २ फेब्रुवारी २००६ रोजी केंद्राच्या रोजगार हमी कायद्याची सुरुवात ज्या २०० जिल्ह्यांत झाली त्यांत नांदेड होता, आणि दोन वर्षांत देशातील सर्व ग्रामीण जिल्हे त्यात आले. पण अंगमेहनत म्हणजे मातीकाम, हे समीकरण तेथेही फारसे हलले नाही.

हे समीकरण मोडण्याची एक संधी लातूरने एका भयंकर प्रसंगी पाहिली होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला त्यात सुमारे आठ हजार माणसे गेली. ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि त्याहून कितीतरी अधिक गावांतील घरांची दुरुस्ती व बळकटीकरण हाती घेण्यात आले. या दुसऱ्या कामात ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मध्यस्थीने गावोगावच्या महिला मंडळांकडे संवाद सहायकाची जबाबदारी आली: भिंतीत बंधक दगड का बसवावा हे घरमालकाला समजावणे, साहित्य आणि अनुदानाचे हप्ते यांवर लक्ष ठेवणे, अभियंता आणि गाव यांच्यामध्ये उभे राहणे. ज्या बाया सभेत मागे बसत त्या मोजमापाची भाषा बोलू लागल्या. गावाला हे काम किती उपयोगी पडले याविषयी कोणाचा मतभेद नव्हता. तरीही रोजगार हमीच्या कामांच्या यादीत अशा सेवेला रकाना नव्हता, आणि पुनर्वसनाचा कार्यक्रम आटोपला तशी ती व्यवस्थाही आटोपली.

रकाना नसलेल्या सेवेसाठी शासनाने एक वेगळीच तोड काढली आहे, ती मानधनाची. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील अंगणवाडी सेविका, २००५ नंतर आलेली आशा कार्यकर्ती, दोघीही गावाच्या आरोग्याचा भार उचलतात आणि दोघींनाही वेतन न म्हणता मानधन किंवा मोबदला दिला जातो. अंगणवाडी सेविकांना उपदानाचा (ग्रॅच्युइटीचा) हक्क आहे, हे सांगण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ चा निकाल लागावा लागला. आणि वतने गेल्यानंतर महाराच्या जुन्या चाकरीचा जो भाग सरकारला आवश्यक वाटला, नोटिसा बजावणे, दवंडी देणे, दफ्तर वाहणे, पंचनाम्याला हजर राहणे, तो ज्याच्याकडे आला तो तलाठ्याच्या सज्जावरचा कोतवाल. त्यालाही मानधनच. चतुर्थ श्रेणीत समावेश व्हावा, ही त्याची मागणी घेऊन मराठवाड्यातील कोतवाल इतर जिल्ह्यांतील कोतवालांबरोबर वर्षानुवर्षे धरणे धरीत आले आहेत. १९२८ सालच्या विधेयकात आंबेडकरांनी मागितलेल्या गोष्टींपैकी सोडून जाण्याची मुभा त्यांना मिळाली आहे, मोबदला रोख झाला आहे. कामाची मर्यादा आणि मोबदल्याची प्रतिष्ठा यांसाठी त्यांची मागणी अजून चालू आहे.